शेवट कोणाचा?

२०१९ साली 'गेम ऑफ थ्रोन्स' या सत्तानाट्याचा अंतिम हंगाम सुरू असतानाच तो नव्याने चित्रित करावा, या मागणीवर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. हा वाचककेंद्री समीक्षेचा विजय नव्हे. अर्थनिर्णयाचा अधिकार म्हणजे संहितेची मालकी नव्हे; येथे आस्वादकाची जागा ग्राहकाने बळकावली आहे. जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) मुख्यमंत्र्यांची सत्ता टिकते, पत्रकार दिगू टिपणीस मात्र वेडा होतो. प्रेक्षकाचे हे असमाधान हाच त्या कृतीचा राजकीय आशय. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या पाण्यावरून ऊसपट्टा आणि मराठवाडा यांचा तंटा आजही मिटलेला नाही. ज्या राजकारणाला शेवट नाही, त्याच्या नाटकाकडे समाधानकारक शेवट मागणे म्हणजे प्रश्नाऐवजी दिलासा मागणे होय.