नवा आहे, म्हणून अर्धा?

ट्रकवाल्यांनो, त्यांच्या घरच्यांनो, आणि ट्रकने आलेलं खाणाऱ्या तुम्हा-आम्हा सगळ्यांनो,

आमच्या चाळीतल्या एका पोराने परवा हिशोबाची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. हेवी लायसन्स मिळून दोन महिने झालेले, एकट्याने मारलेली पहिली लांबची ट्रिप. कळंबोलीहून लोखंडाच्या कॉइल भरून नागपूर आणि परत. सुमारे सोळाशे किलोमीटर, बारा दिवस. चिठ्ठीवर लिहिलं होतं :

ट्रिपचे ५,५०० रुपये. वजा, डिझेल २० लिटर जादा जाळलं, १,८००. वजा, आरसा फुटला, १,२००. वजा, ताडपत्री फाटली, ८००. वजा, निघताना घेतलेली उचल, २,०००. येणे ३०० रुपये.

येणे कुणाला? मालकाला! बारा दिवस गाडी मारून पोरगं तीनशे रुपयांचं देणं कमावून आलं. त्याच फेरीचे जुन्या ड्रायव्हरला ९,००० मिळतात. याला का नाहीत, असं विचारल्यावर उत्तर आलं, “नवा आहे ना.”

उचल त्याने स्वतः घेतली होती, ती बाजूला ठेवा. राहिले १,७००. दिवसाला जेमतेम १४२ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे खड्डा खणणाऱ्याला ३१२ आणि पंचवीस टन माल घेऊन खड्डा चुकवणाऱ्याला १४२.

ड्रायव्हरला पगार कमी मिळतो, हे तुम्हाला सांगायला पत्रक छापायची गरज नाही. आज मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. ती म्हणजे हा ‘नव्याचा दर’. हा दर ना कुठल्या कायद्यात आहे, ना कुठल्या करारात. तो फक्त मालकाच्या जिभेवर आहे. तिथून तो थेट पोराच्या पोटावर येतो.

शांतपणे विचार करू. ट्रान्सपोर्टचं लायसन्स विशीच्या आत मिळत नाही. त्याआधी निदान वर्षभर हलक्या गाडीचं लायसन्स हातात असावं लागतं. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात गेलं, तर जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे. एवढं करून सरकार जे लायसन्स देतं, ते अख्खं असतं. अर्धं लायसन्स अजून कुणी छापलेलं नाही.

आता मालकाचा व्यवहार बघा. बिल्टी फाडताना तो व्यापाऱ्याला सांगतो का, “शेठ, आज ड्रायव्हर नवा आहे, भाडं अर्धं द्या”? टोलनाक्यावर नव्याला सवलत आहे का? मालकाने नवी गाडी घेतली, तर बँक म्हणते का, “मालक नवा दिसतोय, हप्ता अर्धा भरा”? बोरघाटाच्या उतारावर पाठीमागे साखळीने बांधलेली कॉइल सुटली, तर ती केबिनपर्यंत येताना नवा-जुना बघते का? भारतीय न्याय संहितेत जीवघेणा अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम आलं, जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रक थांबले, पंपांवर रांगा लागल्या आणि त्या कलमाचा अंमल लांबणीवर पडला. त्या कलमात तरी ‘नव्याला पाच वर्षं’ असं कुठे लिहिलं होतं? भाडं पूर्ण, टोल पूर्ण, धोका पूर्ण, शिक्षा पूर्ण. अर्धा आहे तो फक्त पगार.

“अहो, तो शिकतोय. शिकवणीची फी समजा.” हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं फिरतं. शिकवणी घेतंय कोण? मी किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, म्हणून लागलो, तेव्हा उस्तादाच्या शेजारी बसायचो. टायर ठोकायचे, दोर आवळायचा, उतारावर कुठला गिअर टाकायचा ते कानाने ओळखायचं, रिकाम्या गाडीवर रात्री थोडा वेळ स्टेअरिंग हातात मिळायचं. पैसा नव्हता, पण शाळा होती. पुढे मालकांनी हिशोब केला की किन्नर म्हणजे फुकटचा खर्च, आणि शेजारची सीट रिकामी केली. उस्ताद गेला, किन्नर गेला. आज नव्या पोराला चावी देतात आणि सांगतात, “लोकेशन पाठवलंय.” शाळा बंद करून फी चालू ठेवणारे हे हेडमास्तर!

आणि फी एकदाच घेतात असंही नाही. चिठ्ठी पुन्हा वाचा. नवा म्हणून ट्रिपचे साडेतीन हजार आधीच कमी धरले. मग नवा म्हणून डिझेल जास्त जाळलं, आरसा घासला, त्याचे पैसे वेगळे कापले. अननुभवाची किंमत दरातच वळती केली होती ना? मग तीच पुन्हा कशी कापता? एकाच बिल्टीचं भाडं दोनदा वसूल करायचा हा प्रकार आहे. डिझेलचं म्हणाल, तर लिटरला चार किलोमीटरचा ॲव्हरेज ऑफिसात बसून ठरलेला. चारशे लिटरच्या जागी चारशेवीस लागले. भरलेल्या गाडीने घाट चढताना आणि फॅक्टरीच्या गेटवरच्या रांगेत दर दहा मिनिटांनी गाडी पुढे घेताना काय जळतं, ते त्या खुर्चीला काय कळणार?

कापणीबद्दल कायदा गप्प नाही. १९३६ च्या वेतन कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे : नुकसान कामगाराच्या हलगर्जीने झालं असेल तरच कापायचं, तेही त्याचं म्हणणं ऐकून. आणि सगळी मिळून कापणी सहसा पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. इथे ५,५०० मधून ५,८०० कापले. अख्ख्यापेक्षाही तीनशे जास्त! आरसा कसा फुटला, हे त्याला विचारलंसुद्धा नाही.

दुसरं वाक्य जुन्या ड्रायव्हरांचं. “आम्हीही सोसलंय.” दादांनो, हा सासूचा न्याय झाला. आपल्याला चटके बसले म्हणून सुनेच्या हातावर उलथनं ठेवायचं. शिवाय तुमचाच तोटा होतोय, तो बघा. साडेपाच हजारांत नवा पोरगा मिळतोय म्हटल्यावर तुमचे नऊ हजार किती दिवस टिकतील?

तिसरं वाक्य सगळ्यात घाणेरडं. “रस्त्यात कमावतातच की.” म्हणजे आधी पोटाला पुरणार नाही असा पगार द्यायचा, आणि मग चोर म्हणून आणखी कमी द्यायचा. ज्याला खात्री आहे की आपला ड्रायव्हर डिझेल विकतो, त्याने पोलिसांत जावं. पगार कमी करून चोरीचा बंदोबस्त होतो, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

एक आक्षेप मात्र खरा आहे. दोन गाड्यांचा मालक स्वतःच हप्त्यांखाली दबलेला असतो, आणि गाडी चार-चार दिवस गेटवर उभी राहिली तरी व्यापारी त्याला हॉल्टिंग देत नाही. त्याच्याशी आमचं भांडण नाही. पण बाबा रे, हॉल्टिंग व्यापाऱ्याकडे मागायचं असतं, ते पोराच्या ताटातून काढायचं नसतं. तू वर भांडायला निघालास, तर आम्ही तुझ्यामागे उभे राहू.

मग रास्त पगार म्हणजे काय? एकाच ट्रिपला एकच दर, ड्रायव्हर नवा असो वा जुना. अनुभवाचे पैसे द्यायचेत? जरूर द्या, पण जुन्याला वर चढवून. नव्याला खाली दाबून नको. खरोखर शिकवायचं असेल तर शेजारी उस्ताद बसवा, तीन महिन्यांची मुदत ठरवा आणि त्या काळातही किमान वेतन द्या. ज्या दिवशी पोरगं चावी घेऊन एकटं निघालं, त्या दिवशी शिकवणी संपली. गाडी उभी राहील त्या दिवसांचेही पैसे द्या, कारण उभ्या गाडीत तो राखणदार असतो. आणि कापायचं तर आधी विचारा, मग लेखी कारण देऊन कापा.

ड्रायव्हर मिळत नाहीत, अशी ओरड आता प्रत्येक ट्रान्सपोर्ट ऑफिसात ऐकू येते. कसे मिळतील? पहिल्याच ट्रिपला पोरगं कर्जात जातं, तर दुसऱ्या ट्रिपला गावाकडे जातं.

हे पत्रक धाब्यावर, पंपावर, टायरवाल्याकडे चिकटवा. आणि त्या मालकाला निरोप द्या : तुमचे तीनशे रुपये चाळीने वर्गणी काढून जमवले आहेत. कधीही या आणि घेऊन जा. फक्त पावती द्या, आणि त्या पावतीवर हे पैसे कशाबद्दल घेतले, ते तुमच्या हाताने लिहा.

— एक जुना किन्नर