दगड झालेले अरण्य

अमेरिकेला लेकाकडे जाऊन आलेली मंडळी ग्रँड कॅन्यनच्या गोष्टी रंगवून सांगतात. पण त्याच ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागातल्या ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’चे नाव फार थोड्यांच्या तोंडी असते. नावात अरण्य खरे, पण सावलीला झाड मिळेल तर शपथ! उजाड माळ, आणि त्यावर ओंडकेच ओंडके. तेही लाकडाचे नव्हेत, दगडाचे!

वाचकहो, ही वखार 20 कोटी वर्षांहून जुनी आहे. तेव्हा हा मुलूख विषुववृत्ताजवळ होता. नद्यांनी वाहून आणलेली झाडे गाळात गाडली गेली. हवा न लागल्याने ती लवकर कुजली नाहीत. ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका पाण्यावाटे लाकडात मुरली आणि कणाकणाने त्याची गारगोटी झाली. लोखंड आणि मँगनीज यांनी तिला तांबडे, पिवळे, काळे रंग चढवले. ओंडके करवतीने कापल्यासारखे दिसतात. पण गारगोटी कठीण तशीच ठिसूळ, म्हणून ती आडवी तडकते, इतकेच. उत्तरेकडे ‘पेंटेड डेझर्ट’च्या टेकड्या तर अशा, की जणू रंगीत लुगड्यांच्या घड्याच रचून ठेवल्या आहेत!

असा लखलखीत तुकडा पाहून कुणाचा हात शिवशिवणार नाही? पूर्वी लोकांनी गाड्या भरभरून तो माल नेला. अखेर 1906 साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या जागेला राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण दिले. 1962 साली तिचे राष्ट्रीय उद्यान झाले. आता तिथला खडा उचलणेही गुन्हा आहे.

तरी काही खिशात जातेच! मग मन खाऊ लागते. टपालाने तुकडे परत येतात, सोबत क्षमेची पत्रे. दगड घरात आला आणि संकटांची रांग लागली, असेही कुणी कळवतो.

पण परत आलेला तुकडा माळावर पुन्हा ठेवता येत नाही. तो नेमका कुठला, हे कोण सांगणार? भलत्या जागी ठेवला तर अभ्यासकांची फसगत व्हायची. म्हणून अशा तुकड्यांचा निराळा ढीग केला आहे. त्याला तिथे सदसद्विवेकाचा ढीग म्हणतात. वस्तू परत करता येते. तिची जागा मात्र कायमची हरवते.

काचेच्या कपाटासाठी तुकडा हवाच असेल, तर जवळच्या होलब्रुक गावी खाजगी जमिनीतला विकत मिळतो. आणि हो, परतताना नातवंडांचे खिसे तेवढे चाचपून पाहा!