पाहुण्यानें किनाऱ्यावर कसें उतरावें

गेल्या महिन्यांत आमच्या बैठकींतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांच्या घरीं लहानसें वादळ झालें. त्यांच्या नातवानें नोकरींतून आठ महिन्यांची बिनपगारी रजा मागितली असून, तो दोघां मित्रांसह एका शिडाच्या नौकेवरून न्यूझीलंडहून निघून फिजीच्या बेटांत हिंडणार आहे. नौका मित्राची, बारा मीटर लांबीची. हा तिजवर अर्धा खलाशी व अर्धा स्वयंपाकी. या बातमीचें स्वागत कसें झालें असेल हें, ज्यांच्या घरीं अजून दोन वेळां बारा-पंधरा पानें मांडलीं जातात, त्यांस सांगावयास नको. काकांनीं बुडणाऱ्या पगाराचा हिशेब मांडला. आजींनीं अन्नाची चिंता वाहिली. धाकट्या काकूंनीं, तीं बेटें चित्रांत दिसतात तशीं खरोखरच निळ्या पाण्यांत असतात काय, एवढेंच विचारलें. आजोबा मात्र दोन दिवस कांहींच बोलले नाहींत.

आम्हांस वाटलें, ते आतां समुद्रगमनाच्या निषेधाचा विषय काढणार. परंतु तो निषेध त्यांच्या घरीं त्यांच्या आजोबांनींच मोडला होता व प्रायश्चित्ताचा विधि उरकून पुन्हा पंक्तीलाही बसले होते. तिसऱ्या दिवशीं आजोबांनीं आम्हांस बोलावून घेतलें आणि म्हणाले, "बुडेल, आजारी पडेल, या भीतीचें मी माझें पाहून घेईन. मला निराळेंच विचारावयाचें आहे. जेथें खाणावळ नाहीं, दुकान नाहीं, ओळखीचें माणूस नाहीं, अशा गांवीं हा कोणाच्या परवानगीनें, कोणाच्या दारांत उभा राहणार? तुम्ही एवढें लिहितां, तेव्हां सांगा."

प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर आम्हीं तोंडीं दिलें तें अपुरें वाटलें, म्हणून यंदाचें हें पान त्यासच वाहिलें आहे. आम्ही स्वतः त्या बेटांवर गेलेलों नाहीं. नाविकांनीं लिहिलेलें वाचूनच बोलतों आहों, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

प्रश्न जुनाही आहे. शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य कॅप्टन जोशुआ स्लोकम. १८९५ ते १८९८ या काळांत त्यानें आपल्या ‘स्प्रे’ नांवाच्या नौकेंतून सुमारें ४६,००० मैल प्रवास केला. १८९७ सालीं तो हिंदी महासागरांतील रॉड्रिग्ज बेटास लागला. तेथील पाद्री नुकतेच लोकांस ख्रिस्तशत्रूच्या आगमनाविषयीं सांगत होते. आणि इकडे फेसाळलेल्या समुद्रांतून, सोसाट्याच्या वाऱ्यावर, एकच मनुष्य असलेली होडी बंदरांत शिरली! आला तो हाच, असें समजून लोक घाबरले. एका म्हातारीनें तर दारास अडसर घातला, तो स्लोकम बेटावर होता तोंपर्यंत, म्हणजे आठ दिवस, काढला नाहीं. स्लोकमनें ही हकीकत विनोदानें सांगितली आहे. आम्हांस मात्र म्हातारीची बाजू अगदींच टाकाऊ वाटत नाहीं. न सांगतां, न विचारतां समुद्रावरून येणाऱ्या परक्यानें बेटावरील लोकांचें काय केलें आहे, याचा इतिहास तिच्या अडसराच्या बाजूनें साक्ष देतो. तो पुढें येईलच.

आधीं प्रवासाचें थोडक्यांत सांगतों. आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे यांनीं गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती वाटेंत केवळ चार बंदरें घेऊन. बेटांतून हिंडणाऱ्यांची रीत याच्या उलट असते. त्यांस कोठेंही लवकर पोंचावयाचें नसतें. न्यूझीलंड ते फिजी हें अंतर सुमारें ११०० सागरी मैल आहे व त्यास आठ ते बारा दिवस लागतात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. म्हणून नौका मे महिन्याच्या सुमारास निघतात. पुढें बेटांच्या पट्ट्यांत आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे महिनोन् महिने टिकतात. तिघे असले कीं तीन तास पहारा व सहा तास विश्रांति, अशी पाळी लागते. गोडें पाणी मोजून वापरावें लागतें. अंगावरून घेण्याचें पाणी समुद्राचें, गोड्या पाण्याचा शेवटीं एक तांब्या. आमच्या मतें हा भाग प्रत्येक तरुणानें घरींच महिनाभर करून पाहावा.

खरा धोका खोल समुद्रांत कमी, बेटाजवळ अधिक. पोंवळ्यांचे खडक पाण्याखालीं भिंतीसारखे उभे असतात आणि आडगांवच्या बेटांचे नकाशे सर्वत्र विश्वसनीय नसतात. म्हणून सूर्य चांगला वर आल्यावर, तो पाठीशीं ठेवून, एकानें नाळेवर उभें राहावयाचें व पाण्याचा रंग वाचावयाचा: गडद निळें तें खोल, हिरवट तें उथळ, तपकिरी दिसलें तर खडक. सकाळीं दहापूर्वीं व दुपारीं तीननंतर शहाणा नाविक अशा वाटेनें शिरत नाहीं.

आतां आजोबांच्या प्रश्नाकडे वळतों. फिजीमध्यें तीनशेंहून अधिक बेटें आहेत. पैकीं सुमारें शंभरांवर वस्ती आहे. परदेशची नौका प्रथम सुवा, लौतोका, सावुसावु किंवा लेवुका यांसारख्या बंदरींच लागली पाहिजे. पिवळें निशाण चढवून, अधिकारी येईपर्यंत कोणीं उतरावयाचें नाहीं. त्यानंतर बेटांत हिंडण्याचा परवाना मिळतो. परंतु सरकारी परवाना मिळाला म्हणजे गांवची परवानगी मिळाली असें नव्हे. ती निराळी घ्यावी लागते, आणि तिचें नांव ‘सेवुसेवु’. (याचा आपल्या ‘सेवे’शीं कांहीं संबंध नाहीं. ध्वनिसाम्यावरून भाषाशास्त्र रचण्याची आम्हां लोकांस हौस आहे. ती येथें आवरावी.)

गांवासमोर नांगर टाकला म्हणजे पहिलें काम हें: पोहणें नाहीं, मासा धरणें नाहीं, वाळूवर फिरणें नाहीं. अंगावर नीट वस्त्र घ्यावयाचें. पुरुषांनींही ‘सुलू’ म्हणजे आपल्या लुंगीसारखें वस्त्र नेसावयाचें, स्त्रियांनीं खांदे व गुडघे झांकावयाचे. टोपी व काळा चष्मा काढून ठेवावयाचा, कारण गांवांत डोकें झांकून फिरणें हा नायकाचा मान मोडणें होय. लहान होडींतून किनाऱ्यास लागून, जो प्रथम भेटेल त्यास ‘तुरांगा नि कोरो’ म्हणजे गांवचा कारभारी कोठें आहे, तें विचारावयाचें. हा कारभारी व वंशपरंपरेचा नायक हे दोन निराळे. आपल्याकडील पाटील व देशमुख यांच्यासारखें म्हटलें तर फार चुकणार नाहीं. कारभारी पाहुण्यांस नायकाकडे नेतो. तेथें चटईवर मांडी घालून बसावयाचें आणि ‘यांगोना’च्या वाळलेल्या मुळ्यांची जुडी, साधारणतः अर्धा किलोची, पुढें ठेवावयाची. हातीं द्यावयाची नाहीं. समोर जमिनीवर ठेवावयाची.

ही यांगोना म्हणजे जिला इतर बेटांत कावा म्हणतात ती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ती काळी मिरी व नागवेल यांच्याच गणांतली. म्हणजे आपल्या पानाच्या तबकाची ही दूरदेशीं दिलेली बहीण. मुळ्या कुटून पाण्यांत कोळतात व ‘तानोआ’ नांवाच्या लांकडी परातींतून नारळाच्या करवंटीनें वाढतात. करवंटी पुढें आली कीं ओंजळीसारखे हात करून एकदां टाळी, "बुला" म्हणून एका दमांत पिणें, मग तीन टाळ्या. रंग गढूळ, चव मातीची, आणि ओठ व जीभ कांहीं वेळ बधिर. हें मद्य नव्हे. पिणारा आरडाओरड करीत नाहीं, उलट शांत होतो. सुपारी-अक्षत देऊन आमंत्रण करणाऱ्या व विडा पुढें ठेवून बोलणें सुरू करणाऱ्या आपल्या लोकांस या विधींत परकें कांहीं वाटूं नये.

जुडी स्वीकारतांना जें बोलणें होतें त्यांत पाहुण्याचें गांव, नौका व येण्याचें कारण येतें. स्वीकार झाला कीं त्या क्षणापासून पाहुणा गांवच्या आश्रयाखालीं आला. त्यास पाण्यांत उतरतां येतें, डोंगरावर जातां येतें. आणि त्याचें बरेंवाईट झालें तर तें गांवचें बरेंवाईट. लौ द्वीपसमूहांतील फुलांगा येथें तर प्रत्येक नौकेस गांवांतील एक घर नेमून देण्याची वहिवाट आहे. त्या घरीं रविवारीं जेवावयाचें, त्यांच्याबरोबर देवळांत बसावयाचें. (गांवें कडक मेथॉडिस्ट, रविवारीं पोहणें व मासेमारी करणेंही चालत नाहीं.) या फुलांग्याच्या भोंवतींचें पाणी, त्यांतील छत्र्यांसारखीं उभीं असलेलीं चुनखडीचीं लहान लहान बेटें, यांच्या सौंदर्याविषयीं नाविकांनीं पानेंच्या पानें लिहिलीं आहेत. आम्हांस अधिक मोलाची वाटली ती ही नेमून दिलेल्या घराची गोष्ट. या लौ बेटांत पूर्वीं अनेक वर्षें परकीय क्रीडानौकांस विशेष परवानगीवांचून जातांच येत नसे.

ही सगळी केवळ शिष्टाचाराची हौस नव्हे. गांवासमोरच्या पाण्यांत मासे धरण्याचा परंपरागत हक्क त्या त्या कुळांचा असतो. आपल्याला जो मोकळा समुद्र दिसतो, तें त्यांचें शेत असतें. कोणाच्या उभ्या ज्वारींत शिरून कणसें मोडणाऱ्यास आपण प्रवासी म्हणत नाहीं.

दुसरें कारण याहून गंभीर आहे. १८७५ च्या जानेवारींत फिजीचा राजा थाकोम्बाऊ व त्याचे पुत्र सिडनीहून ‘डायडो’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून परत आले. राजास सिडनींत गोंवर झाला होता व जहाजावर पुत्रांसही लागला. स्वागतास दूरदूरच्या बेटांवरील नायक जमले होते. त्यांजबरोबर तो रोग घरोघर गेला. पूर्वीं तो त्या लोकांनीं पाहिलेलाच नव्हता. कांहीं महिन्यांत सुमारें ४०,००० माणसें मेलीं, म्हणजे निदान चारांतील एक. म्हणून २०२० सालीं महामारींत फिजीनें इतर प्रवाशांस दारें बंद असतां शिडाच्या नौकांस येऊं दिलें, तें चौदा दिवसांच्या विलगतेंत समुद्रावरचे दिवस मोजून. लांबचा सागरी प्रवास हाच येथें पहारेकरी ठरला.

पाहुण्यांचें वर्तन सर्वांचेंच चांगलें असतें असें नाहीं. ‘अस्पर्शित बेट’ हा शब्द आम्हांस विशेष खटकतो. ज्यांचे पूर्वज सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं नौकांतून तेथें आले, ज्यांच्या ‘द्रुआ’ नांवाच्या जोडनौकांतून शंभरावर माणसें जात, त्यांचा प्रदेश अस्पर्शित कसा? कोणी मुलांच्या घोळक्यांत गोळ्या उधळतात व छायाचित्रें घेतात. पुढच्या नौकेस मुलें हात पसरून सामोरीं येतात आणि मग तेच लोक, गांव बिघडलें, अशी तक्रार करतात. सुव्याहून मालाचें जहाज महिन्यांतून एखादे वेळीं येतें, तेंही चुकतें. अशा ठिकाणीं उपयोगी पडतें तें सांगतों: वाचण्याचे चष्मे, गळ व दोरी, शाळेसाठीं वह्या, शिवणाचें सामान, आणि यंत्र दुरुस्त करतां येणारे हात. शेवटची वस्तु सर्वांत दुर्मिळ. आणि जें द्यावयाचें तें वडीलधाऱ्यांच्या हातीं द्यावें.

हें नातें एकेरी राहत नाहीं, याचा पुरावा २०१६ च्या फेब्रुवारींत मिळाला. विन्स्टन नांवाचें चक्रीवादळ ताशीं सुमारें २८० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यानें फिजीवर आदळलें. ४४ माणसें दगावलीं, कोरोसारख्या बेटांवरचीं घरें भुईसपाट झालीं. तेव्हां पूर्वीं पाहुणे म्हणून गेलेल्या कित्येक नौका धान्य, पाणी, ताडपत्र्या व हत्यारें घेऊन त्याच गांवीं परत गेल्या. ‘सी मर्सी’ या संस्थेनें त्यांची व्यवस्था लावली. मोठ्या जहाजांस जेथें शिरतां येत नाहीं तेथें लहान नौका शिरते, आणि खडकांतली वाट तिला आधींच ठाऊक असते.

आमच्या तरुण मित्रास एक सोयही आहे. १८७९ ते १९१६ या काळांत साठ हजारांवर हिंदी मजूर करारानें फिजीस नेले गेले. त्यांचे वंशज मुख्यतः दोन मोठ्या बेटांवर राहतात व आपली एक निराळी हिंदी बोलतात. तेव्हां बाजारांत यांगोनाच्या जुडीचा भाव करतांना त्यास बोटांनीं खुणा कराव्या लागणार नाहींत असा संभव आहे.

हें सर्व आम्हीं परवां आजोबांस वाचून दाखविलें. ते बराच वेळ सुपारी कातरीत बसले होते. मग नातवास हांक मारून म्हणाले, "अरे, त्या जुड्या किती गांवांसाठीं घेणार आहेस? दोन जास्त घे. ऐन वेळीं कमी पडल्या तर दारांतून परत फिरावें लागेल." काकांनीं पगाराचा कागद घडी करून खिशांत ठेवला. आजींनीं तीन शेर तिळाच्या लाडवांची गोष्ट काढली. आम्हीं सांगितलें कीं, तेथील बंदरांत अधिकारी खाण्याचा प्रत्येक डबा उघडून पाहतात, आणि त्यांच्या यादींत लाडू बसतील अशी खात्री देतां येत नाहीं.

"म्हणजे तेथें पोंचण्याआधींच संपवावयाचे," आजी म्हणाल्या, "अकरा दिवस आणि तिघेजण. मग तीन शेर पुरणार नाहींत."