कॉटनची 'चोरी'

परवा जेवताना इंग्लंडच्या जुन्या पोथ्यांचा विषय निघाला आणि मामाने सर रॉबर्ट कॉटनला एका वाक्यात निकालात काढलं. "चोर होता तो. सरकारी कागद घरी नेले, परत केलेच नाहीत." तेव्हा पाहुणे होते म्हणून गप्प बसलो. आता बसवत नाही.

मामाचं खरं तेवढं आधी मान्य करतो. कॉटन (१५७१-१६३१) उसनं आणलेलं परत करण्यात ढिलाच होता. दप्तरातले कागद त्याच्याकडे यायचे आणि तिथेच मुक्काम ठोकायचे. शिवाय पोथ्या उसवून भलत्याच पोथ्यांबरोबर बांधायची त्याला खोड होती.

पण तो काळ बघा ना. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बंद केले आणि तिथले ग्रंथ वाऱ्यावर गेले. कित्येकांची पानं रद्दीच्या भावाने गेली. त्यातलं जे हाती लागलं ते कॉटनने वेस्टमिन्स्टरच्या घरात सांभाळलं. कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे, आणि त्यांच्याच नावाने पोथ्यांचे पत्ते. 'बेओवुल्फ'ची जगातली एकुलती एक जुनी प्रत ब्रिटिश लायब्ररीत आजही व्हिटेलियसच्या कपाटातली, 'ए' फळीवरची पंधरावी म्हणूनच ओळखली जाते!

आणि मुख्य म्हणजे हा माणूस पोथ्या वाचायला द्यायचा. चक्क घरी न्यायला द्यायचा. जॉन सेल्डनसारखी पार्लमेंटची मंडळी राजाच्या अधिकाराविरुद्धचे जुने दाखले तिथूनच शोधून काढत. शेवटी १६२९ साली पहिल्या चार्ल्सने त्या ग्रंथालयाला टाळं ठोकलं. निमित्त काय, तर तिथून बाहेर पडलेलं एक जुनं टिपण. त्यात पार्लमेंटला लगाम कसा घालावा याचा सल्ला होता, म्हणजे राजाच्याच सोयीचा! कॉटनला अटक झाली. तो सुटला, पण ग्रंथालय पुन्हा पहिल्यासारखं खुलं झालेलं बघणं काही त्याच्या नशिबात नव्हतं. दीड वर्षात गेला. पुढे नातवाने तो संग्रह राष्ट्राला दिला.

चोर माल लपवतो हो. याने वाटला, म्हणून तर टाळं लागलं.

आणि मामा, तुझ्या आजोबांच्या मोडी कागदांची ट्रंक तुझ्या माळ्यावर आहे. रीतसर वाटणीत आलेली, तू काही चोर नाहीस. पण गेल्या तीस वर्षांत ती उघडलेली कुणी पाहिली आहे? दिवाळीत येतोय. बरोबर मोडी वाचणारा एक मित्र आहे. किल्ली शोधून ठेव.