दुआ जाग आल्याची आहे, पहाटेची नव्हे

रात्रपाळी करणाऱ्या मुस्लिम पोराला आमच्याकडे एक टोमणा हमखास ऐकावा लागतो. ‘काय मियाँ, फज्रला दिसत नाही? सैतानाने कानात लघवी केली वाटतं!’ मशिदीच्या दारात, चपला घालता घालता, चारचौघांत हसत हसत हे बोललं जातं. बोलणारा बहुधा निवृत्त असतो, किंवा ज्याचं शटर दहाला वर जातं असा दुकानदार. ऐकणारा मान खाली घालून निघून जातो. पुढच्या जुम्माला तो दुसऱ्या मशिदीत जातो आणि काही महिन्यांनी कुठेच जात नाही.

हा टोमणा हदीसमधून उचललेला आहे हे मला ठाऊक आहे. बुखारीत ती रिवायत आहे. सकाळपर्यंत झोपून राहिलेल्या, नमाजला न उठलेल्या एका माणसाचा उल्लेख पैगंबरांसमोर (स.) झाला आणि त्यांनी तसं म्हटलं. पण जरा नीट वाचा. त्या माणसाचं नाव रिवायतीत नाही. त्याला बोलावून, तोंडावर, दहा लोकांत ते बोललं गेलेलं नाही. ज्या वाक्यात नावसुद्धा झाकलं गेलं, त्याच वाक्याने आपण भर दारात एका पोराची अब्रू काढतो आणि वर सुन्नतवर बोललो असं मानतो. मला या धंद्याचा राग येतो, म्हणून हे लिहितो आहे.

आणि मी हे माणसारख्या गावाला समोर ठेवून लिहितो आहे. मुळशी तालुक्यातलं हे गाव. शेजारच्या हिंजवडीच्या नावाने जे राजीव गांधी इन्फोटेक पार्क जगाला माहीत झालं, ते माणच्या शिवारातही पसरलं आहे. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोची कारशेडही याच गावातली. जिथे शेतं होती तिथे काचेच्या इमारती आल्या आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या देशाचं घड्याळ आलं. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात आणि हिवाळ्यात साडेसात. त्या घड्याळावर काम करणारा फक्त संगणकापुढचा इंजिनिअर नाही. कॅब चालवणारा आहे, गेटवरचा वॉचमन आहे, कँटीनमध्ये रात्री भांडी घासणारा आहे, मजले पुसणारी बाई आहे. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, बिहार-बंगालमधून आलेली ही माणसं. यांच्यात मुस्लिम किती हे मोजत बसायचं कारण नाही. एका खोलीत चौघे राहतात आणि दोघे झोपतात तेव्हा दोघे कामावर असतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला आकडा लागत नाही.

आता या माणसांना आपण काय शिकवतो? झोपेतून उठल्यावरची दुआ ‘सुबह की दुआ’ म्हणून शिकवतो. मकतबमध्ये लहानपणी ती पाठ होते, एका दमात, अर्थाशिवाय. तिच्यात सकाळ हा शब्दच नाही. बिगरमुस्लिम वाचकांसाठी तिचा आशय सांगतो: ज्याने आम्हाला मारलं आणि मग पुन्हा जिवंत केलं त्या अल्लाहची स्तुती, आणि शेवटी उठून त्याच्याकडेच जायचं आहे. बस, एवढंच. यामागे कुरआनच्या सूरह जुमरमधली कल्पना आहे, की झोपेत जीव काढून घेतला जातो. ज्याची वेळ भरली त्याचा ठेवून घेतला जातो आणि बाकीच्यांचा ठरल्या मुदतीपर्यंत परत पाठवला जातो. जीव परत मिळाला म्हणून आभार. तो पहाटे पाचला परत मिळाला की दुपारी एकला, याची चौकशी त्या दुआत कुठेही नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठीत ‘मी उठलो’ आणि ‘मला जाग आली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. उठणं मी करतो. जाग मला येते. कुठून तरी येते, माझ्या हातात ती नसते. उर्दूत ‘आँख खुली’, म्हणजे डोळा उघडला, मी उघडला असंही नाही. ती दुआ या ‘जाग आली’ची आहे. ‘उठलो’ची शेखी मिरवायला ती नाही. पण आपल्याकडे फज्रची जमात म्हणजे हजेरीपट झाला आहे. कोण उठला, कोण नाही. आणि ज्या मंडळींना या हजेरीचा फार अभिमान, त्यांचंही बघा. जाग आल्यावर हात पहिला कुठे जातो? उशीजवळच्या मोबाईलकडे. वुजूच्या आधी गुलाबाच्या फुलावर छापलेली हीच दुआ तीस ग्रुपवर जाते. ओठांवर ती आली की नाही कोण जाणे, अंगठ्याने मात्र पाठवून झाली.

मुलांचं याहून वाईट. ‘आज फज्रला कोण कोण उठलं? हात वर करा.’ हा प्रश्न अनेक मकतबांत रोज विचारला जातो. सगळे हात वर होतात, निम्मे खोटे असतात, आणि विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं. आपण सात वर्षांच्या मुलाला नमाजच्या नावाने दिवसाचं पहिलं खोटं बोलायला शिकवतो. मग एखादं भाबडं पोर खरं बोलतं: ‘हमारे अब्बा तो सोते रहते.’ वर्ग हसतो. त्याचे अब्बा पहाटे साडेचारपर्यंत लोकांना घरी सोडत गाडी चालवत होते, हे त्या वर्गात कोणी सांगत नाही. बीएडला आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती, की मुलासमोर त्याच्या घराची लाज काढायची नाही. ती कळायला बीएडही लागू नये.

‘म्हणजे तुम्ही फज्र माफ करताय’ असं काही जण म्हणतील, म्हटलेलंही आहे. नाही. फर्ज तो फर्ज, तो माफ करणारा मी कोण? उलट रात्रपाळीवाल्याची अडचण अनेकदा झोपेची नसतेच, तो त्या वेळी टक्क जागा असतो. पुण्यात जूनमध्ये फज्रची वेळ साडेचारनंतर लागते आणि सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. जानेवारीत ती पावणेसहाच्या पुढे लागते आणि सूर्योदय सातनंतर. जूनमध्ये कॅबमधून उतरलेला मुलगा वुजू करून चार रकात पढून झोपू शकतो. जानेवारीत त्याच मुलाला घरी आल्यावर तास-सव्वातास डोळे ताणून बसावं लागतं, आणि तिथे तो कोसळतो. वॉचमन तर फज्रच्या वेळी गेटवरच उभा असतो. त्याला पाच-सात मिनिटं हवी असतात. सिगारेटसाठी टपरीवर दहा मिनिटं सहज मिळतात, त्यावर सुपरवायझरला हरकत नसते. बरोबरचा वॉचमन, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ‘जा, मी बघतो गेट’ म्हणतो. मशिदीच्या दारातल्या टोमण्यापेक्षा मला त्या माणसाचं वाक्य दीनच्या जवळचं वाटतं.

आणि जो खरोखरच झोपून राहिला त्याचं काय? खैबरहून परतताना, हिजरी ७ मध्ये, रात्रीच्या प्रवासानंतर मुक्काम पडला. हजरत बिलालना (रजि.) पहाऱ्यावर ठेवलं होतं, फज्रला उठवायला. ते उंटाला टेकून पूर्वेकडे तोंड करून बसले आणि त्यांनाही झोप लागली. उन्हाचा चटका बसला तेव्हा जाग आली, सगळ्यांत आधी खुद्द पैगंबरांना (स.). बिलाल म्हणाले, ज्याने आपल्याला झोपवलं त्यानेच मलाही झोपवलं. कोणी त्यांना झापलं नाही. थोडं पुढे जाऊन वुजू झाला, अजान झाली, नमाज झाली. झोपून राहण्यात कसूर नाही, कसूर जागेपणी वेळ घालवण्यात आहे, हे तत्त्व सहीह मुस्लिममध्ये अशाच प्रसंगात आलं आहे. सैतानाची रिवायत पाठ असलेल्यांना ही का पाठ नसते?

अबू दाऊदमध्ये हजरत सफवान बिन मुअत्तल (रजि.) यांची हकीकत आहे. सूर्य उगवेपर्यंत ते फज्र पढत नाहीत, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार होती. त्यांनी सांगितलं, आमचं घराणंच तसं आहे, लवकर जाग येत नाही. उत्तर मिळालं की मग जाग येईल तेव्हा पढत जा. काही भाष्यकार कारण देतात की ते लोक रात्रभर पाणी भरण्याचं काम करत. काही मुहद्दिसांनी या रिवायतीवर शंका घेतली आहे, म्हणून मी सगळा भार तिच्यावर टाकत नाही. त्याची गरजही नाही. सूरह रूममध्ये अल्लाहच्या निशाण्या मोजताना रात्रीची झोप आणि दिवसाची झोप दोन्ही मोजल्या आहेत. आणि सूरह मुज्जम्मिलच्या शेवटी रात्रीच्या दीर्घ नमाजचा भार हलका केला, तेव्हा कारणं कोणती दिली? कोणी आजारी असेल, कोणी रोजीरोटीच्या शोधात प्रवास करत असेल. पोटासाठी फिरणारा माणूस कुरआनने आजाऱ्याच्या शेजारी बसवला आहे. आपण त्याला सैतानाच्या शेजारी बसवतो.

एवढं सगळं सवलतीसारखं वाचून कोणी रात्री दोनपर्यंत रील बघत बसणार असेल, तर ही दलील त्याच्यासाठी नाही. रोजीसाठी जागणं आणि उगाच जागणं यांत फरक आहे. इशानंतर गप्पा मारत बसणं पैगंबरांना (स.) आवडत नसे. पण मग हेही विचारू की आपल्या वस्त्यांतले जलसे किती वाजता संपतात? लाऊडस्पीकरचे नियम २००० सालापासून रात्री दहाला बंद म्हणतात. आपलं मुख्य भाषण अनेकदा त्यानंतरच रंगात येतं, आणि त्या भाषणाचा विषय असतो ‘फज्रकी नमाज और नौजवान’! निकाहचं जेवण बाराला उठतं. तेव्हा कुणालाच फज्र आठवत नाही.

आणि घरात? नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला उठवावं, न उठल्यास प्रेमाने तोंडावर पाणी शिंपडावं, अशी दोघांसाठी सारखी शिकवण आहे. आमच्याकडे ती एकतर्फी झाली. अलार्म तिचा, पाणी तापवणं तिचं, मुलांना हलवणं तिचं, ‘अजी, वक्त जा रहा’ हेही तिचंच. ती स्वतः नमाज कधी पढते याची विचारपूस नाही. आता तर बायकाही रात्रपाळीला जातात. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने त्यांच्या संमतीने तशी मुभा दिली आहे. रात्रपाळीहून सकाळी आलेली सून नऊला झोपली तर तिला ‘घोडे विकून झोपली’ म्हणणारी जीभ आणि मशिदीच्या दारातली जीभ एकच.

दुपारी एकला ज्याला जाग येते, त्यालाही जाग आल्यानंतरचं सगळं लागू आहे. ती दुआ. भांड्यात हात बुडवण्याआधी तो तीनदा धुणं, कारण झोपेत हात कुठे होता हे आपल्याला माहीत नसतं. मिस्वाक, नाक साफ करणं, वुजू. मग फज्र राहिली असेल तर ती कजा पढणं आणि जुहरला उभं राहणं. ऐन सूर्योदयाला जाग आली तर आम्ही हनफी सूर्य वर येईपर्यंत थांबतो. कोकणातले आपले शाफई भाऊ कजासाठी थांबत नाहीत. दोन्ही चालतं. हे त्याला कोणी तरी शांतपणे, मराठीत, समजेल असं सांगायला हवं. बहुतेकांना कजा कशी पढायची हेच माहीत नसतं, म्हणून एक चुकली की ते पाचही सोडून देतात. टोमणा मारणाऱ्याने त्याला एकदाही हे शिकवलेलं नसतं.

आता मशिदीच्या कमिट्यांना एक मागणी. फज्र झाली की तासाभरात बऱ्याच मशिदींना कुलूप लागतं, ते थेट जुहरला निघतं. चोरी होते, माइक जातो, नळ जातात; तुमची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण सकाळी आठला ड्युटी सुटलेला वॉचमन कजा पढायला येतो तेव्हा त्याला ते कुलूप दिसतं, आणि त्याच्या खोलीत पाण्याचा ड्रम रिकामा असतो. आतला हॉल बंद ठेवा. वुजूखाना आणि बाहेरचा व्हरांडा उघडा ठेवा, एक चटई टाका. तेही जमत नसेल तर किल्ली जवळच्या कुणाकडे आहे त्याचं नाव आणि फोन नंबर दारावर लिहा, मराठी, उर्दू आणि हिंदीत, आणि सकाळी साडेआठला फोन वाजला तर तो उचला.