बोललेले आणि ऐकलेले

हापूसचा हंगाम ऐन भरात असतो. मालक रत्नागिरीच्या बाजारपेठेतील आपल्या दुकानातून बागेतल्या माणसाला फोनवर तीन शब्दांचा संदेश धाडतो : ‘पेट्या पुन्हा मोजा.’ मुंबईच्या दलालाने आकडा विचारलेला असतो आणि तो खात्रीने सांगता यावा, एवढाच मालकाचा हेतू असतो. पहाटेपासून पेट्या भरणारा तो जुना, विश्वासू माणूस मात्र त्या तीन शब्दांत ‘तुझ्या मोजणीवर भरवसा नाही’ हे चौथे वाक्य वाचतो. तो निमूटपणे पुन्हा मोजतो. पण उत्तर धाडत नाही. उत्तर आले नाही, म्हणून मालकाला तो अलीकडे माजला आहे असे वाटते. संध्याकाळी दोघे समोरासमोर येतात, तेव्हा पेट्यांचा आकडा अगदी बरोबर असतो आणि मने मात्र बिघडलेली असतात. भांडणाचे कारण विचारले, तर दोघांनाही ते नीट सांगता येणार नाही.

एकत्र काम करणाऱ्यांच्या पुष्कळशा कलहांची जात अशीच असते. वस्तू एक, तिच्याकडे पाहण्याच्या जागा दोन. आणि आपण जेथे उभे आहोत तेथून दिसते तेवढेच सत्य, असा दोघांचाही प्रामाणिक समज. जैन विचाराने या एकेका जागेला ‘नय’ असे नाव दिले आणि एका नयाला संपूर्ण सत्य मानणे हाच दोष ठरवला. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यासाठीच घरोघरी सांगितली जाते. मात्र ती सांगताना एक गोष्ट निसटते. ते सहा जण आंधळे होते म्हणून भांडले नाहीत. ‘तुझा हात नेमका कोठे आहे?’ असे एकानेही दुसऱ्याला विचारले नाही, म्हणून भांडले.

या प्रश्नाअभावी काय घडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण रत्नागिरीशीच जोडलेले आहे. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक. पुढे शिक्षण खात्यात बढती मिळून ते १८६६ साली कुटुंबासह पुण्यास गेले. त्याच जुलै महिन्यात, नऊ दिवस आधी, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची स्थिती अत्यंत हलाखीची. शिक्षणासाठी वणवण करताना हा मुलगा रत्नागिरीसही येऊन राहिला होता. पण तेथे त्याची सोय लागली नाही आणि त्याला माघारी फिरावे लागले. एकाचे जन्मगाव तेच दुसऱ्याला परके ठरलेले गाव, हा केवळ योगायोग खरा. तरी दोघांच्या पुढील वादात पैशाविषयीची दृष्टी इतकी निराळी का होती, हे कळण्यास तो उपयोगी पडतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दोघांची गाठ पडली. सरकारी नोकरी करावयाची नाही, लोकशिक्षणासाठी आयुष्य वेचावयाचे, असा निश्चय त्यांनी तेथे रात्ररात्र चर्चा करून केला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले. टिळक आरंभापासून होते, आगरकर एम. ए. होऊन मागाहून आले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले आणि ‘केसरी’चे संपादकपद आगरकरांकडे आले. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली दोघांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी एकशे एक दिवस एकत्र काढले. मतभेद तेव्हाही होतेच. कोठडीत त्यांचे वाद इतके रंगत, की आवाज चढत जाई. तरी सख्याला तडा गेला नाही. समोर बसून, एकमेकांचा चेहरा पाहत केलेला तो वाद होता.

मग पुढच्या आठ वर्षांत असे काय झाले, की १८९० च्या अखेरीस टिळकांनी ज्या संस्थेसाठी सर्वस्व वाहिले तीच सोडली?

शाळा काढताना ‘त्याग’ हा शब्द सर्वांनी उच्चारला होता. त्याचा अर्थ मात्र कोणी कागदावर उतरवून घेतला नव्हता. टिळकांच्या समजुतीप्रमाणे तो जेझुइट पाद्र्यांसारखा संपूर्ण त्याग होता : संस्थेने निर्वाहापुरते द्यावे, सर्वांना सारखे द्यावे, आणि सभासदाने आपला सगळा वेळ व शक्ती संस्थेला द्यावी, बाहेरची मिळकत नको, बाहेरचे व्यापही नकोत. आगरकर व इतरांच्या मते त्याग म्हणजे मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीवर पाणी सोडणे. ते एकदा सोडल्यावर संसाराच्या गरजांप्रमाणे वेतनात थोडी वाढ मागणे किंवा फावल्या वेळात ग्रंथ लिहून चार रुपये मिळवणे यात वचनभंग कसला? दोघेही खरेच बोलत होते. दोघांनाही आपला अर्थ हाच मूळचा करार आहे, असे मनापासून वाटत होते.

येथे पार्श्वभूमी आडवी येते. टिळकांजवळ वडिलांनी मागे ठेवलेली थोडी पुंजी आणि चिखलगावची वडिलोपार्जित खोती होती. आगरकरांजवळ प्रकृतीला जडलेल्या दम्याखेरीज काही नव्हते. पगारवाढीचा ठराव एकाला तत्त्वाचा प्रश्न दिसे, दुसऱ्याला महिनाअखेरीचा. इंदूरच्या होळकर महाराजांकडून आलेली एक रक्कम व्यक्तीची की संस्थेची, यावरून झालेल्या खटक्याचे मूळही हेच. आगरकरांनी ‘मला अडचण आहे’ असे म्हटले, की टिळकांना तत्त्व ढिले पडल्याचे ऐकू येई. टिळकांनी ‘तत्त्व’ म्हटले, की आगरकरांना सुस्थितीतल्या माणसाचा उपदेश ऐकू येई.

‘केसरी’त वेगळाच पेच होता. त्या काळी अग्रलेखाखाली नाव नसे. लिहिणारा ‘आम्ही’ असे लिही. स्त्रीशिक्षण, संमतिवय, बालविवाह या विषयांवर आगरकरांनी लिहिलेले ‘आम्ही’ टिळकांना मान्य नसे. पण बाहेरचा वाचक दोघांनाही त्या एकाच शब्दाखाली धरी. अखेर १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि वर्षभराने त्यांनी ‘सुधारक’ काढला. येथवर जे वाद खोलीत होत, ते आता छापून होऊ लागले. खोलीत उच्चारलेला कठोर शब्द दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर विरून जातो. छापलेला शब्द मागे घेता येत नाही आणि तो वाचणारे तिऱ्हाईत दोन्ही बाजूंना तेल ओतण्यास हजर असतात. हल्ली दुकानातले भांडण कुटुंबाच्या किंवा व्यापारी मंडळाच्या फोनवरच्या गटात टाकणारे नेमके हेच करतात.

शेवटची ठिणगी तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावरून पडली. तेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच, कोतळूकचे. १८९० साली त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले. टिळकांना त्यात ‘संपूर्ण वेळ’ या वचनाचा भंग दिसला. सहकाऱ्यांना टिळकांच्या आक्षेपात आगरकरांच्या शिष्यावरचा राग दिसला. एव्हाना कोणी कोणाला हेतू विचारत नव्हते, तो परस्पर ताडला जात होता. ऑक्टोबरात वाद विकोपास गेला आणि डिसेंबरात टिळकांनी दीर्घ, सविस्तर राजीनामा लिहिला. दहा वर्षांच्या सगळ्या तक्रारी त्यात क्रमाने मांडल्या आहेत. त्यांतील अर्ध्या जरी त्या त्या वेळी तोंडी मांडल्या गेल्या असत्या तर, असे वाचताना राहून राहून वाटते.

हा सारा गैरसमजाचाच खेळ होता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क, हा मतभेद खरा होता, खोल होता आणि तो कितीही गोड बोलून मिटला नसता. दोघांचे मार्ग कदाचित वेगळे झालेच असते. पण वेगळे होणे आणि वैरी होणे यांत अंतर आहे. मतभेदाने वाटा फुटल्या असतील; वैर मात्र न विचारलेल्या प्रश्नांनी आणले.

व्यापारी घरांना ही गोष्ट परकी वाटू नये. दोन मित्र किंवा दोन चुलतभाऊ भागीदारीत पेढी घालतात. ‘आपल्यात कागद कसला?’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते आणि त्या क्षणी ते खरेही असते. घरखर्चासाठी दोघांची उचल सारखी ठरते. सात-आठ वर्षांनी एकाची दोन मुले पुण्यास शिकावयास जातात, आई आजारी पडते. दुसऱ्याची मुले लहान, शिवाय वडिलांची बाग आहे. पहिला उचल वाढवण्याविषयी बोलत नाही, कारण त्याला संकोच वाटतो. तो गल्ल्यातून थोडे थोडे जास्त घेऊन चोपडीत मांडतो आणि ‘भाऊ पाहतोच आहे, काही बोलत नाही, म्हणजे मान्य आहे’ असे धरून चालतो. दुसरा पाहतो, बोलत नाही, आणि ‘एवढे घेतो, पण तोंडाने विचारतही नाही’ असे मनात साठवतो. एकाने मौनाचा अर्थ संमती लावला, दुसऱ्याने तोच अर्थ लबाडी लावला. दिवाळीला वह्यापूजनाच्या आधी हिशेब मांडला जातो, तेव्हा स्फोट होतो तो रकमेवरून; रक्कम बहुधा अगदी क्षुल्लक असते.

अशा वेळी वडीलधारे मध्यस्थ ‘झाले गेले विसरा’ एवढेच म्हणून दोघांना गप्प करतात, ते बरे नव्हे. क्षमेला आपल्याकडे मोठे स्थान आहे. पण कोणी काय समजून घेतले होते हे उघड न करता मागितलेली क्षमा पुढच्या हिशेबापर्यंतच टिकते. मध्यस्थाने दोघांना एकेकटे बसवून ‘पहिल्या दिवशी काय ठरले होते असे तुला वाटते?’ एवढेच विचारावे आणि दोन्ही उत्तरे दोघांसमोर वाचून दाखवावीत. बहुतेकदा ती दोन उत्तरे ऐकूनच खोलीतला आवाज खाली येतो. भाषासमितीचा अर्थ केवळ मृदू बोलणे असा घेतला जातो. वेळेवर आणि नेमके बोलणे हाही तिचाच भाग मानला पाहिजे. चार महिने दाबून ठेवलेले मृदू मौन एखाद्या स्पष्ट वाक्यापेक्षा अधिक हिंसा करते.

टिळक गेल्यावर आगरकर संस्थेतच राहिले. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, दम्याने थकलेल्या देहाने त्यांनी जगाचा निरोप घेतला. आपल्या अंत्यविधीसाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्यांनी थोडे रुपये पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे चरित्रकार नोंदवतात. पगारवाढीवरून ज्यांच्या त्यागाविषयी शंका घेतली गेली, त्यांचीच ही शिल्लक. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला आणि त्यात जुने सख्य आठवले. ते वाचण्यास आगरकर नव्हते.

आणि ज्यांच्यावरून शेवटची ठिणगी पडली ते गोखले? महिना ३५ रुपयांवर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये लागलेल्या त्या तरुणाने बाहेरची कामे सांभाळूनही संस्थेला दिलेले वीस वर्षांच्या सेवेचे वचन पाळले. पुढे १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा सभासदांनी घ्यावयाच्या सात प्रतिज्ञा आधी लिहून काढल्या. समाज जी तरतूद करील तीत समाधान मानावे व स्वतःसाठी धन मिळवण्यात शक्ती खर्चू नये, हे त्यांत स्पष्ट शब्दांत आहे. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही, ही प्रतिज्ञाही त्यांतच आहे.