हातातला कॅमेरा हातातच राहावा म्हणून

दिघ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सप्रेम जयभीम करून त्या लिहितात की, त्यांचे पती रबाळे एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. तेथे उजव्या हाताच्या तर्जनीचे वरचे पेर गेले. आता ते पॅकिंग खात्यात आहेत आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या वस्त्यांत मंगल परिणयाचे, नामकरणाचे फोटो काढतात. पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी फुजीफिल्मचा एक्स१००व्ही हा कॅमेरा सेकंडहँड घेतला. फोटो झकास येतात, पण कॅमेरा हातातून सटकतो. एका नामकरणाच्या कार्यक्रमात तो पडता पडता वाचला. दुकानदार म्हणतो, तीन-चार हजारांची ग्रिप लावा. "कर्जाचे चौदा हप्ते अजून बाकी आहेत. हा खर्च करावा का?" असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, खर्च करावा. पण दुकानदार सांगतो त्या क्रमाने नव्हे.

आधी कॅमेरा सटकतो का, ते पाहू. २०२० साली आलेला हा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह ४७८ ग्रॅम भरतो. म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यासारखा दिसावा आणि खिशात-पिशवीत मावावा म्हणून त्याची पुढची बाजू जवळपास सपाट ठेवली आहे. पाण्याची बादली कडीला धरून उचला आणि मग तीच बादली काठाला चिमटीत धरून उचला, म्हणजे फरक कळेल. सपाट कॅमेरा आपण काठाला धरत असतो. चिमटीचा जोर लवकर संपतो. त्यात हाताला घाम, आणि दिवसभर खोकी उचललेली बोटे. महागातला महाग छोटा कॅमेराही याला अपवाद नाही. सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ साली आला, तो तर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. पुढे सोनीनेच त्यावर चिकटवायची एजी-आर२ नावाची रबरी ग्रिप वेगळी विकायला काढली. आधी गुळगुळीत माल विकायचा आणि मग खरखरीतपणाचे वेगळे पैसे घ्यायचे, हा धंदा आपल्याला नवा नाही!

पहिला खर्च पट्ट्याचा. ग्रिप कितीही चांगली असली तरी धक्का लागला की कॅमेरा सुटणारच. मनगटात पट्टा असला तर तो सुटूनही जमिनीवर जात नाही. गळ्यात लटकवायचा पट्टा गर्दीत मला पसंत नाही. लोकलच्या दारात किंवा मिरवणुकीत तो कशाला अडकला तर मानेला हिसका बसतो. जाता-येता एका खांद्यावरून तिरपा, आणि फोटो काढताना मनगटात, हे बरे. शाळेच्या दप्तराला असते तसली नायलॉनची पट्टी घरच्या मशीनवर दुहेरी शिवण घालून तयार होते. कॅमेऱ्याच्या कडीत ओवायची बारीक दोरी मात्र विकतची घ्यावी. वापरण्याआधी त्या पट्ट्याला दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली रात्रभर टांगून ठेवा, सकाळी दोन-चार हिसके द्या. शिवण उसवली नाही तर पट्टा पास.

आता बोटाचा प्रश्न. जगभरच्या कॅमेऱ्यांचे बटण उजव्या हाताला असते. डावखुऱ्यालाही त्यातून सुटका नाही. बटण दाबायला तर्जनी मोकळी लागते आणि बाकीच्या तीन बोटांनी व अंगठ्याने वजन पेलायचे असते. तुमच्या पतींची तर्जनी आखूड झाल्याने ती बटणापर्यंत नेताना सगळा पंजा वर सरकत असणार आणि नेमकी तेव्हाच पकड सुटत असणार. यावर काही शे रुपयांत मिळणारी एक चीज आहे. एक्स१०० मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या बटणाला मध्यभागी आटे असतात. त्यात बसणारे उंच, फुगीर बटण मिळते. त्याला सॉफ्ट रिलीज बटण म्हणतात. त्याने बटण वर येते आणि बोटाला कमी वाकावे लागते. ते हलून पडून हरवते, म्हणून आट्यांवर नळाची पांढरी टेप एक वेढा गुंडाळून मग पिळावे. सोनीच्या आरएक्स१००ला किंवा रिकोच्या जीआर३ला ही सोय नाही. बटण तरीही जमले नाही तर मधल्या बोटाने दाबायची सवय करावी. आठ-पंधरा दिवसांत हात वळतो. हा कॅमेरा पडद्याला बोट लावूनही फोटो काढतो, तेही करून पाहावे.

त्यानंतर अंगठ्याचा टेकू. फ्लॅश बसवायच्या खाचेत सरकवायचा हा धातूचा तुकडा असतो, त्याचे शेपूट मागे अंगठ्यापाशी येते. अंगठा त्यात अडकला की चिमटीचे काम निम्म्याने हलके होते. ज्यांची बोटे अधू आहेत त्यांना पुढच्या ग्रिपपेक्षा याचा उपयोग जास्त, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो लावला की बाहेरचा फ्लॅश लावता येत नाही. आतला छोटा फ्लॅश तेवढा चालतो. रात्रीच्या कार्यक्रमात मोठा फ्लॅश लागतोच, तेव्हा टेकू काढून ठेवावा. घेताना तो खाचेत घट्ट बसतो का आणि मागचे चाक झाकतो का, एवढे बघा.

इतके करूनही हात भरून येत असेल तरच पुढची ग्रिप. ती कॅमेऱ्याच्या तळाला, तिपाईच्या पाव इंची स्क्रूच्या भोकात पिळून बसते. गोम इथेच आहे. बॅटरी आणि कार्ड दोन्ही तळाच्या एकाच झाकणाखाली असतात. ग्रिपच्या पट्टीने ते झाकण अडले तर भर समारंभात बॅटरी संपल्यावर आधी स्क्रू काढत बसावे लागेल, आणि तोवर वधूवरांचे हार घालून झालेले असतील. झाकणापाशी कापलेली पट्टीच घ्या. पट्टीलाच तिपाईचे भोक हवे. एक्स१००एफची ग्रिप एक्स१००व्हीला बसेलच असे नाही, म्हणून नुसत्या नावावर घेऊ नये.

मागवण्याआधी कॅमेरा घेऊन पतींनी स्वतः जावे. सीएसएमटीसमोर फोर्टातल्या बोराबाजारात कॅमेऱ्याची दुकाने आहेत. १२ जानेवारी २०२४ ला दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यापासून तुम्हाला ठाण्याला जाऊन गाडी बदलणे सोपे झाले आहे. रविवारी फोर्टातली बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा रजेचा दिवस बघावा. ग्रिप लावून फक्त उजव्या हाताने पाच मिनिटे कॅमेरा धरून उभे राहायचे. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. करंगळी खाली लोंबते का, बोटांची टोके लेन्सला घासतात का, हे त्या पाच मिनिटांत समजते. दुसऱ्याच्या धड हाताचा सल्ला या कामात उपयोगाचा नाही.

चामड्याचे अर्धे कव्हर घेऊ नये. दिसते नवरदेवाच्या फेट्यासारखे, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते आणि ओल कॅमेऱ्याला लागून राहते. घरच्या घरी पातळ रबराची पट्टी चिकटवायची तर दुहेरी टेपने चिकटवा. फेविक्विक कॅमेऱ्याजवळ आणू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढुरका थर येतो. आणि कारखान्यातल्या सवयीने थिनरने पुसू नका, रंग निघेल. स्पिरिटचा ओलसर फडका पुरे.

पतींना हेही सांगा की, डावा तळवा लेन्सखाली आणि दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवून, डोळा खिडकीला लावून फोटो काढावा. कपाळाचा टेकू मिळतो. त्याला एक पैसा पडत नाही. तेव्हा या महिन्यात पट्टा आणि बटण घ्या. टेकू पुढच्या दोन-तीन कार्यक्रमांच्या पैशातून येईल, आणि ग्रिपचे त्यानंतर बघू.